संगणकासाठी कूलर निवडताना

'कूलर' हा शब्द ऐकला की तुमच्या डोळ्यांसमोर काय येते? खिडकीत बसवलेली पत्र्याची मोठी पेटी, तिच्या तीन बाजूंना गवताच्या ताट्या, तळाशी पाणी आणि आत घरघर करणारा पंखा. मालेगाव, जळगाव, अकोला, नागपूर या भागांतील मुलांना तर हा कूलर नीट माहीत असतो. उन्हाळ्यात त्यात पाणी भरण्याचे काम बहुधा तुमच्याकडेच असते.

संगणकाच्या पोटातही एक कूलर असतो. नाव तेच आहे, पण काम वेगळे आहे. खिडकीतल्या कूलरमध्ये पाण्याची वाफ होते. वाफ होताना पाणी हवेतील उष्णता घेते आणि हवा थंड होते. माठातले पाणी थंड होते, ते याच कारणाने. संगणकाचा कूलर मात्र हवा थंड करत नाही. तो प्रोसेसरची उष्णता उचलतो आणि आजूबाजूच्या हवेला देऊन टाकतो. एवढेच त्याचे काम. म्हणून खोलीत ४० अंश तापमान असेल, तर कोणताही हवेचा कूलर प्रोसेसरला ४० अंशांच्या खाली नेऊ शकत नाही. मग तो कितीही महाग असो. ही गोष्ट पक्की लक्षात ठेवा. पुढचे सगळे तिच्यावरच अवलंबून आहे.

आता तुम्ही विचाराल, प्रोसेसर तापतो तरी का? प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू. तुम्ही अक्षर टाइप करा, चित्र उघडा किंवा हिशेब मांडा, सगळे काम तो करतो. त्यासाठी तो वीज घेतो, आणि त्याने घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णतेत बदलते. उष्णता म्हणजे उर्दूत आपण ज्याला हरारत म्हणतो ती. १०० वॅट वीज घेतली, तर १०० वॅट उष्णता बाहेर पडणारच.

१०० वॅट हा आकडा तुम्हांला लहान वाटेल. घरातली कपड्यांची इस्त्री १००० वॅटची असते. पण थोडे गणित करून पाहा. इस्त्रीचा तळ साधारण २०० चौरस सेंटिमीटर असतो. म्हणजे एका चौरस सेंटिमीटरला ५ वॅट आले. प्रोसेसरच्या आतील सिलिकॉनचा तुकडा बोटाच्या नखाएवढा, म्हणजे जेमतेम २ चौरस सेंटिमीटर असतो. त्यातून १०० वॅट बाहेर पडले, तर एका चौरस सेंटिमीटरला ५० वॅट झाले. इस्त्रीच्या दहापट! इस्त्रीचा तळ आपण बोटाने शिवत नाही. मग या नखाएवढ्या तुकड्याचे काय होत असेल?

पूर्वी असे नव्हते. १९८५ साली आलेल्या '३८६' या प्रोसेसरला पंखा लागत नसे. १९९३ मध्ये पेंटियम आला. तो सुमारे १५ वॅट उष्णता देई, आणि तेवढ्यानेच त्याच्या डोक्यावर धातूचा ठोकळा व पंखा बसवावा लागला. २०२२ साली इंटेल कंपनीने काढलेला 'कोअर आय-९ १३९००-के' हा प्रोसेसर पूर्ण जोराने काम करताना २५३ वॅटपर्यंत जातो. काम वाढले तशी उष्णताही वाढत गेली.

ही उष्णता बाहेर कशी जाते, ते आता पाहू. विज्ञानाच्या तासाला तुम्ही उष्णतेचे वहन आणि अभिसरण शिकला आहात. येथे दोन्ही उपयोगी पडतात. प्रोसेसरच्या वर धातूचे एक झाकण असते. त्या झाकणावर कूलरचा सपाट तळ घट्ट दाबून बसवतात. दोन्ही पृष्ठभाग आरशासारखे गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यात बारीक खाचा असतात आणि त्या खाचांमध्ये हवा अडकते. हवा ही उष्णतेची वाईट वाहक आहे. तांबे तिच्यापेक्षा हजारो पटींनी चांगले. म्हणून त्या खाचा भरण्यासाठी मध्ये थर्मल पेस्ट लावतात. काही मुलांना वाटते की पेस्ट जितकी जास्त तितके चांगले. तसे नाही. पेस्ट हवेपेक्षा पुष्कळ चांगली असली, तरी धातूच्या मानाने ती फारच मागे आहे. तिने फक्त खाचा भरायच्या असतात, दोन धातूंच्या मध्ये गादी घालायची नसते. मटारच्या दाण्याएवढा गोळा मध्यभागी ठेवावा आणि वरून कूलर दाबावा. पेस्ट आपोआप पसरते.

तळातून उष्णता वर कशी चढते, हा भाग मला सगळ्यांत मजेचा वाटतो. चांगल्या कूलरमध्ये तांब्याच्या वाकवलेल्या नळ्या दिसतात. त्यांना हीट पाइप म्हणतात. त्या भरीव आहेत असे वाटते, पण त्या आतून पोकळ असतात. आतली हवा काढून घेऊन तेथे अगदी थोडे पाणी ठेवलेले असते आणि नळीची तोंडे कायमची बंद केलेली असतात. हवेचा दाब नसल्यामुळे हे पाणी १०० अंशांची वाट पाहत नाही. त्याहून पुष्कळ कमी तापमानालाच त्याची वाफ होते. ती वाफ उष्णता घेऊन नळीच्या थंड टोकाकडे जाते, तेथे उष्णता सोडते आणि तिचे पुन्हा पाणी होते. नळीच्या आतील भिंतीला बारीक जाळी किंवा तांब्याच्या भुकटीचा थर असतो. दिव्याच्या वातीत तेल चढते, तसे हे पाणी त्या थरातून परत खाली तळाकडे येते. पुन्हा वाफ, पुन्हा पाणी. ना मोटर, ना वीज. अमेरिकेतील लॉस अलामोस येथील प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ साली अशी नळी करून दाखवली. पुढे ती कृत्रिम उपग्रहांत वापरली गेली. तीच आज दुकानात मिळणाऱ्या कूलरमध्ये आहे.

या नळ्या ॲल्युमिनियमच्या अनेक पातळ पत्र्यांमधून आरपार गेलेल्या असतात. पत्रे एकावर एक, मध्ये थोडी थोडी जागा सोडून रचलेले असतात. त्यामुळे हवेला उष्णता देण्यासाठी खूप मोठा पृष्ठभाग मिळतो. ओला कपडा घडी घालून ठेवला तर वाळत नाही, पसरला तर वाळतो. तसाच हा पसारा. पंखा या पत्र्यांमधून हवा ढकलतो आणि गरम हवा बाहेर जाते.

आता निवडीकडे येऊ. दुकानात गेल्यावर मुलांची नजर आधी रंगीत दिव्यांकडे जाते. दिव्यांनी उष्णता कमी होत नाही. पहिला प्रश्न हा विचारायचा : माझा प्रोसेसर किती वॅटचा आहे?

येथे एक गोम आहे. खोक्यावर लिहिलेला आकडा नेहमी पुरा नसतो. इंटेलचा 'कोअर आय-५ १२४००' हा प्रोसेसर ६५ वॅटचा म्हणून विकला जातो, पण जोर लावताना तो ११७ वॅटपर्यंत जाऊ शकतो. एएमडी कंपनीचा 'रायझेन ५ ७६००' हाही ६५ वॅटचा, पण तो ८८ वॅटपर्यंत जातो. दोन्हींच्या खोक्यात कंपनीचा छोटा कूलरही येतो. तुम्ही पत्रे लिहीत असाल, हिशेब ठेवत असाल, इंटरनेट पाहत असाल, तर बहुधा तोच पुरतो. त्यावर पैसे खर्च करू नका. मात्र इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'के' अक्षर असते, त्यांच्या खोक्यात आता कूलर मिळत नाही. तो वेगळा घ्यावा लागतो आणि मोठाच घ्यावा लागतो.

दुसरा प्रश्न तुमच्या खोलीचा. कूलरची परीक्षा घेणारे बहुतेक लोक ती २० ते २५ अंश तापमानाच्या खोलीत घेतात. आपल्याकडचा मे महिना तसा नसतो. समजा, एखाद्या कूलरवर दर वॅटमागे प्रोसेसरचे तापमान हवेपेक्षा ०.४ अंशाने वाढते. ११७ वॅटला ते साधारण ४७ अंश वाढेल. खोली २२ अंशांची असेल, तर प्रोसेसर ६९ अंशांवर राहील. काळजीचे कारण नाही. आता तोच संगणक, तोच कूलर मालेगावात पत्र्याच्या छपराखाली ४२ अंशांच्या दुपारी ठेवा. ४२ आणि ४७ मिळून ८९ झाले. शिवाय संगणकाच्या डब्यातील हवा खोलीपेक्षा चार-पाच अंशांनी गरम असते. म्हणजे ९४. आजच्या बहुतेक प्रोसेसरांची मर्यादा ९० ते १०० अंशांच्या दरम्यान असते. मर्यादा आली की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. त्यानेही भागले नाही, तर संगणक बंद पडतो.

आमच्या शाळेतून शिकून गेलेला एक मुलगा लग्नपत्रिका तयार करण्याचे दुकान चालवतो. उर्दू, मराठी, इंग्रजी अशा तिन्ही भाषांत तो पत्रिका करतो. एका वर्षी एप्रिलमध्ये, नेमक्या लग्नसराईत, त्याचा संगणक दुपारी रेंगाळू लागला. कधी मधेच बंद पडे आणि केलेली पत्रिका जाई. गिऱ्हाईक दारात उभे, आणि हा पुन्हा पहिल्यापासून नावे टाइप करतो आहे! दुरुस्तीवाल्याने सांगितले, प्रोसेसर जुना झाला, नवीन घ्या. म्हणजे मदरबोर्डही नवा, मेमरीही नवी. त्या महिन्याची सगळी कमाई त्यात गेली असती. तो मला म्हणाला, "सर, सकाळी नीट चालतो आणि दुपारी झोपतो."

या एका वाक्यातच रोगाचे निदान होते. जुना झालेला प्रोसेसर सकाळ-दुपार ओळखत नाही. आम्ही डबा उघडला. दुकानाच्या गल्लीत यंत्रमाग आहेत. सुताचे बारीक तंतू हवेत उडतात, हे मालेगावच्या आणि भिवंडीच्या मुलांना सांगायला नको. त्या तंतूंचा आणि धुळीचा जाड थर कूलरच्या पत्र्यांवर बसला होता. पंखा फिरत होता, पण हवा आत जातच नव्हती. थर काढला, वाळून भुकटी झालेली पेस्ट पुसून नवी लावली, आणि संगणक दुपारीही चालू लागला. पुढच्या महिन्यात त्याने मध्यम आकाराचा, चार नळ्यांचा कूलर घेतला. पत्र्याच्या छपराखाली, जेथे गल्लीतून तंतू येतच राहणार, तेथे थोडी जास्त ताकद हाताशी असणे योग्यच होते. एखाद्या थंड कार्यालयात मी त्याला तो खर्च करू दिला नसता.

तिसरा प्रश्न जागेचा. ज्या डब्याला आपण 'सीपीयू' म्हणतो, त्याला दुकानदार कॅबिनेट म्हणतात. उभे कूलर चांगले उंच असतात. कूलर मास्टर कंपनीचा 'हायपर २१२ इव्हो' हा गाजलेला कूलर १५९ मिलिमीटर उंच आहे. ऑस्ट्रियातील नॉक्टुआ कंपनीचा 'एनएच-डी १५' तर १६५ मिलिमीटर उंच आणि दोन पंख्यांसह १३२० ग्रॅम वजनाचा आहे. कॅबिनेट अरुंद असेल, तर त्याचे झाकणच लागणार नाही. म्हणून घरून निघण्यापूर्वी पट्टी घ्या आणि मदरबोर्डपासून झाकणापर्यंतचे अंतर मोजा. कॅबिनेटच्या माहितीपत्रकातही हा आकडा दिलेला असतो. शेजारी मेमरीच्या पट्ट्या उंच असतील, तर कूलरचा पंखा त्यांना अडतो का, तेही पाहा. जड कूलर बसवलेला संगणक रिक्षातून न्यायचा असेल, तर तो आडवा ठेवून न्यावा. उभा ठेवला, तर प्रत्येक खड्ड्याला ते वजन मदरबोर्डला हिसका देते.

कूलर जेथे अडकवतात, त्या बैठकीला सॉकेट म्हणतात. प्रत्येक सॉकेटच्या स्क्रूंची जागा ठरलेली असते. इंटेलच्या ११५० ते १२०० या क्रमांकांच्या जुन्या सॉकेटांत दोन भोकांमध्ये ७५ मिलिमीटर अंतर होते. २०२१ साली आलेल्या १७०० क्रमांकाच्या सॉकेटमध्ये ते ७८ मिलिमीटर झाले. फरक फक्त तीन मिलिमीटरचा, पण जुना कूलर नव्या पट्टीशिवाय बसत नाही. दुकानदाराला "इंटेलला चालेल का?" असे विचारू नका. सॉकेटचा क्रमांक सांगा.

पंख्याबद्दल थोडेच सांगतो. मोठा पंखा हळू फिरूनही भरपूर हवा देतो, म्हणून आवाज कमी करतो. लहान पंख्याला तेवढीच हवा देण्यासाठी वेगाने फिरावे लागते. १२० मिलिमीटरचा पंखा बहुतेकांना योग्य. त्याच्या जोडणीला चार तारा असाव्यात. मग संगणक गरजेप्रमाणे त्याचा वेग कमी-जास्त करू शकतो. पाण्याच्या नळ्यांचे कूलरही मिळतात. ते दिसतात छान, पण तेसुद्धा शेवटी उष्णता याच खोलीतल्या हवेला देतात. साध्या कामासाठी मला त्यांची गरज वाटत नाही.

एवढे करून आणलेला कूलर आपण पुष्कळदा स्वतःच निकामी करतो. संगणकाच्या टेबलाला खाली कॅबिनेटसाठी एक कप्पा असतो. त्याला मागून फळी आणि पुढून दार. त्यात गरम हवा कोंडते आणि पंखा तीच ती हवा फिरवत राहतो. दार काढून टाका, फळी कापून घ्या. धूळ बसू नये म्हणून कॅबिनेटवर विणलेला रुमाल घालण्याची हौस असेल, तर तो संगणक बंद असतानाच घाला. खोलीत खिडकीचा कूलर असेल, तर तो जरूर चालू ठेवा. खोली पाच अंशांनी थंड झाली, तर प्रोसेसरही जवळजवळ तेवढाच थंड राहतो. फक्त त्याचा झोत सरळ कॅबिनेटवर येऊ देऊ नका. त्या झोताबरोबर पाण्याचे बारीक थेंब येतात.

कूलर बसवताना आधी वीज बंद करा आणि प्लग काढा. कूलरच्या तळावर प्लॅस्टिकचा पारदर्शक कागद चिकटवलेला असतो. तो काढायला विसरू नका. हे सांगायला लहान वाटते, पण कागद तसाच ठेवून कूलर बसवलेले संगणक दुरुस्तीला येतात. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ कापडाने पुसा. स्क्रू एकदम घट्ट करू नका. समोरासमोरचे दोन थोडे थोडे आवळत जा, म्हणजे दाब सगळीकडे सारखा येतो. उभ्या कूलरची हवा कॅबिनेटच्या मागच्या बाजूला जाईल, असाच पंखा बसवा. पुढे धूळ साफ करायची वेळ आली, तर मऊ ब्रश वापरा आणि पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा. यंत्रमागाच्या वस्तीत हे काम दर दोन महिन्यांनी करावे लागते, इतरत्र सहा महिन्यांनी केले तरी चालते.

शेवटी, सगळे बसवून झाल्यावर प्रोसेसरचे तापमान दाखवणारा एखादा विनामूल्य प्रोग्राम घ्या. संगणकाला अर्धा तास जड काम द्या आणि आकडा पाहा. ही चाचणी दुपारी दोन वाजता घ्या, सकाळी नको. आकडा ८५ च्या आत राहिला, तर कूलर पुरेसा आहे. थंडीच्या दिवसांत चाचणी घेत असाल, तर त्या दिवसाचे खोलीचे तापमान आणि मे महिन्यातले तापमान यांतील फरक त्यात मिळवा. आलेला आकडा, तारीख आणि खोलीचे तापमान एका चिठ्ठीवर लिहून ती कॅबिनेटच्या झाकणाच्या बाहेरच्या बाजूला चिकटवा. पुढच्या वर्षी त्याच खोलीत, तेवढ्याच उन्हात आकडा दहा अंशांनी जास्त आला, तर नवीन काही विकत घेण्याआधी झाकण उघडून पत्रे पाहा.